नारळ फुटला की नाही, याविषयी

मुक्काम पुणे, पेठ नारायण
आश्विन वद्य तृतीया

तीर्थस्वरूप यज्ञेश्वरमामांच्या पायांवर मस्तक ठेवून भाचा अनंत याचा साष्टांग नमस्कार. येथे आपल्या आशीर्वादाने सगळे क्षेम आहे, माझा उजवा खांदा तेवढा वगळून. आपली प्रकृती कशी आहे ते लिहावे. गुडघा पहाटेच्या गारव्यात कुरकुरतो का, कृष्णेचा घाट एकटेच उतरता की कोणी सोबत असते, रात्रीचे नीट जेवता की नुसते दूध पिऊन निजता, हे सर्व सविस्तर लिहावे. सविस्तर असे मुद्दाम म्हणतो, कारण गेनबाने आणलेल्या आपल्या पत्रात अवघ्या दोन ओळी होत्या. दसऱ्याला नारळ फुटला की नाही तेवढे कळव, आणि फुटला नसेल तर साळुंकी गेनबाबरोबर परत धाड. सुनीतीने कागद उलटा करून पाहिला, मागे भाचेसुनेसाठी आशीर्वादाचा एखादा शब्द आहे का म्हणून. मागे हळदीचा डाग होता. तोच आशीर्वाद समजून तिने कागद देवापाशी ठेवला.

आपला हा नवा गडी गेनबा माणूस भला दिसतो. तो येताना वेताचा पिंजरा घेऊन आला होता. साळुंकी आणायची म्हणजे पक्षी आणायचा, अशी त्याची प्रामाणिक समजूत; वाटेत तिला चारायला त्याने उपरण्याच्या गाठीत थोडी बाजरीही बांधून घेतली होती. सुनीतीने त्याला परसात नेऊन आपली ती पुरुषभर लांबीची तोड्याची बंदूक दाखवली, तेव्हा तो उपरण्याची गाठ चाचपत म्हणाला, "ही बाजरी खाईल असं काय वाटत नाय." सध्या तो ओटीवर बसून थालीपीठ खातो आहे आणि मधूनमधून "झालं का लिवून?" असे विचारतो. झालेले नाही. मामा, आपला प्रश्न एवढासा आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात बसावे असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. मीही दौतीत बोरू बुडवला तेव्हा एकच शब्द लिहिणार होतो. पण कोणता, हे ठरेना.

तर आरंभापासून सांगतो. गेल्या चैत्रात वाईस आलो होतो तेव्हा आपण साळुंकी खुंटीवरून काढून माझ्या मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, पुण्यात दसऱ्याला सरदारांच्या बाभुळबनात नारळ टांगतात, एकेकाला एकच बार देतात. तू नारळ फोड, मग ही तुझी. नाही फोडलास तर माझी मला परत दे, आणि तू आपल्या कारकुनीतच बोटे काळी कर. मी आनंदाने होकार दिला. (त्या वेळी आपण बंदुकीच्या नळीवरून अंगठा पुढे सरकवत नेलात आणि टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरतात तो पितळी कण, चाचपून पाहिलात. डोळ्यांनी नाही पाहिलात. हे मी लक्षात ठेवले आहे. पुढे कामास येईल.)

साळुंकी पुण्यात आल्यावर नारायण पेठेने तिची जी संभावना केली ती ऐकण्यासारखी आहे. या पेठेत बंदूक हाती धरलेला माणूस शोधून सापडायचा नाही, पण बंदुकीविषयी मत नसलेलाही सापडायचा नाही. शेजारचे बाळंभट, ज्यांनी लग्नातल्या आतषबाजीखेरीज जन्मात दुसरा बार ऐकलेला नाही, ओसरीवर येऊन साळुंकीकडे पाहून म्हणाले, "तोड्याची? अजून?" एवढेच. पुढे त्यांनी पान लावून घेतले. मग समोरच्या आळीतून एकेक जण येत गेला. कोणी म्हणाला, हल्ली फिरंगी चकमकीची बंदूक चालते, गारगोटी घासली की ठिणगी, धुमसती दोरी हातात धरून बसायला नको. कोणी म्हणाला, कराबीन घ्यावी, तिचे तोंड एवढे पसरट की नेम धरायची गरजच नाही, समोर जे असेल त्याला लागते. तिसऱ्याने कमरेला खोचायचा तमंचा सुचवला. मी सगळ्यांचे ऐकले आणि मला काय शोभेल असे बाळंभटांना अदबीने विचारले. ते म्हणाले, "सांगत नाही. आपल्याला वाईट वाटेल."

शिकवायला मिळाले ते दादामियाँ. हिंगण्याच्या वाटेवर नदीकाठी जे बाभुळबन आहे तिथे ते नवशिक्यांना बंदूक शिकवतात. वय झाले आहे, मिशा मेंदीने लाल केलेल्या, आणि जन्मभर बार ऐकून ऐकून दोन्ही कानांनी बहिरे. पण बहिरे आहोत हे त्यांना मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की अलीकडे पुण्यातले लोकच हळू बोलू लागले आहेत. त्यांनी साळुंकी हातात घेतली, उलटीसुलटी केली, दस्त्यावरची आपली ती चंद्रकोर पाहिली आणि ओरडले (ते कुजबुजतात तेही ओरडूनच), "चकमकीची बंदूक घाईच्या माणसाची. ही विचारी माणसाची. बेटा, तू घाईचा की विचारी?" मी विचार करू लागलो. ते म्हणाले, "बस्स, कळलं."

मामा, ती शिकवणी म्हणजे काय होते, हे आपल्याला तरी कसे सांगू. मला वाटले होते पहिल्याच दिवशी धडाधड बार काढायचे. छे! चैत्र गेला, वैशाख गेला, दारूचा कण दृष्टीस पडला नाही. रोज पहाटे मी साळुंकी खांद्यावर टाकून नदीकाठाने जाई. मुठेवर धुके साचलेले असे. ओंकारेश्वराची घंटा मागे राही आणि पुढे पुढे तर आपलीच पावले ऐकू येईनात. बाभुळबनात दुबेळक्या काठीचा टेकू रोवलेला. त्यावर नळी ठेवायची, दस्ता खांद्याशी घ्यायचा, गुडघ्यावर बसायचे आणि समोरच्या झाडाची एक फांदी पाहायची. एवढेच. नुसती पाहायची. आधी फांदी दिसे, मग फांदीवरची पाने, मग एकच पान, मग त्या पानाच्या कडेवरचे दव. दादामियाँ मागून सांगत, श्वास घे, अर्धा सोड, बाकीचा ठेव. मी ठेवी. आणि त्या ठेवलेल्या अर्ध्या श्वासात असे काही निवांत वाटे की मला परत यावेसेच वाटत नसे. दफ्तराच्या खोलीत दिवसभर डोके खाली घालून बसणारा मी, पण तिथे मी कोणीच नसे, फक्त पाहणारा. आयुष्यात मला इतके बरे कशातच वाटले नव्हते, मामा. (एकदा याच अवस्थेत मला झोप लागली. डोळे उघडे होते, असे दादामियाँ शपथेवर सांगतात. त्यांनी ती माझी प्रगती मानली.)

आषाढ निघाला आणि त्यांनी बंदूक भरायला शिकवली. नळीत दारू ओतायची, गोळी चिंधीत गुंडाळून गजाने ठासायची, मग बाजूच्या पेल्यात चिमूटभर बारीक रंजक ठेवायची. चाप ओढला की तोड्याची धुमसती दोरी रंजकेवर उतरते, रंजक भुर्र करून पेटते, ती आग एका बारीक छिद्रातून आत जाते आणि बार होतो. आपल्याला हे सांगणे म्हणजे आजीला अंगाई शिकवणे, पण आतल्या दारूचा आणि माझा जो संबंध आला तो कळावा म्हणून लिहिले. पहिल्या बाराला मी मागे उडून करवंदीच्या जाळीत बसलो. दुसऱ्याची गोळी कुठे गेली ते गावाला अजून कळलेले नाही. तिसरी दादामियाँच्या पानाच्या डब्याला लागली. तो डबा नेमाच्या उलट दिशेला होता.

मग माझ्या ध्यानात आले की मला नेम फार प्रिय आहे आणि बार अगदीच नावडता. नेम धरला की जग शांत होते, आणि बार झाला की तेच जग धूर होऊन डोळ्यांत जाते. म्हणून मी नेम धरून बसे आणि बार लांबवी. एकदा एवढा लांबवला की तोडा जळत जळत बोटांपर्यंत आला. एकदा समोरच्या खुणेच्या मडक्यावर मुंगसाचे पिल्लू चढले, ते उतरण्याची वाट पाहिली, तेवढ्यात त्याची आई आली, मग मुलाला समजावण्यात तिचा वेळ गेला. दादामियाँनी मला एकच नियम पक्का घोटून दिला, तो तेवढा लक्षात ठेवावा. रंजक पेटली आणि बार झाला नाही, तर बंदूक तसूभरही हलवायची नाही. आग कधीकधी आत डुलकी घेते आणि मागाहून जागी होते. अशा वेळी नळी इकडेतिकडे फिरवली तर कोणाचा तरी जीव जाईल. नेम तसाच धरून ठेवायचा, आणि उस्तादांनी "उतार" म्हटल्याशिवाय श्वाससुद्धा मोठा घ्यायचा नाही.

आता खंडेनवमीकडे येतो, कारण सगळे तिथेच बिघडले. (गेनबा पुन्हा विचारून गेला. त्याला घारगे दिले.)

साळुंकी या घरात आली तेव्हापासून सुनीती तिला थोरल्या जाऊबाईंचा मान देते. आली त्या दिवशी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. तेव्हा खंडेनवमीला तिची पूजा कशी झाली असेल याची आपण कल्पना करावी. दस्त्याला कुंकवाचे बोट, नळीला झेंडूची माळ, आणि गंध! चंदन उगाळायला बसली ती सहाण झिजेपर्यंत. ते दाट गंध तिने साळुंकीला जागोजाग लावले, आणि जिथे आग पेटते ती जागा सगळ्यांत पूज्य असे मानून रंजकेच्या पेल्याशी त्याचा चांगला लाडवासारखा गोळा बसवला, वर झेंडूची पाकळी. आणि मामा, आपल्या घराण्याची रीत आपणच मला शिकवलीत की खंडेनवमीचे गंध शस्त्रावरून हाताने पुसायचे नाही, ते वाळून आपसूक गळेल तेव्हा गळू द्यावे. पुसले तर शस्त्र रुसते. दुसऱ्या दिवशी बाभुळबनात बंदूक भरताना मला तो गोळा दिसला. हात पुढे गेलाही. पण आपला आवाज कानात आला, आणि मी पाकळीला नमस्कार करून रंजक त्याच्यावरच ठेवली. आपली आज्ञा मोडली नाही, एवढे या पत्रातून घेतले तरी पुष्कळ झाले.

दसऱ्याच्या दुपारी बाभुळबनात माणूसच माणूस. सरदारांची बैठक चिंचेखाली. (सरदारांचे नाव लिहीत नाही, पत्रे वाटेत वाचली जातात आणि वाचणाऱ्यांना काम फार कमी असते.) समोर लांबवर एका बाभळीच्या फांदीला सुतळीने नारळ टांगलेला, वाऱ्याने हलके हलके झुलणारा. पहिला बार जयसिंगाचा. हा सरदारांच्या पदरचा नावाजलेला नेमबाज, अंगाने उमदा, नवी फिरंगी चकमकीची बंदूक, आणि आपण कसे दिसतो याचे पूर्ण ज्ञान. त्याची गोळी नारळाच्या शेंडीला चाटून गेली. लोकांनी हाय हाय केले. त्याने नारळाकडे असे पाहिले की चूक नारळाची. पुढच्या दोघांनी बाभळीची पाने पाडली. मग माझे नाव पुकारले गेले.

मी टेकूवर नळी ठेवली. पाहू लागलो. आधी बाभूळ दिसली, मग नारळ, मग त्याचे तीन डोळे. गर्दी हळूहळू विरली. एवढ्या लोकांतून कोणी खोकलेसुद्धा नाही, किंवा खोकले असतील, मला ऐकू आले नाही. वारा पडला. नारळ झुलायचा थांबला आणि माशीवर असा येऊन बसला की जणू त्याची जागाच ती होती. मला लहानपणी आपण मेणवलीच्या घाटावर पाण्यात पडलेले एकच पिंपळपान किती वेळ पाहायला लावले होते ते आठवले. श्वास घेतला, अर्धा सोडला, अर्धा ठेवला. आणि मामा, मी चाप ओढला. या खेपेला लांबवले नाही. खरोखर ओढला.

भुर्र! रंजक पेटली, धूर झाला, चंदनाचा घमघमाट सुटला, आणि बार झाला नाही.

मी हललो नाही. नियम पक्का होता. आग आत डुलकी घेत असेल, असे म्हणून मी नेम धरून राहिलो आणि "उतार" या शब्दाची वाट पाहू लागलो. तिकडे दादामियाँनी भडका पाहिला, धूर पाहिला आणि त्यांच्या हिशेबी बार झालेला होता. आवाज न येणे ही त्यांना नित्याचीच गोष्ट. नारळ तसाच लटकलेला पाहून त्यांनी एक सुस्कारा सोडला, माझ्याकडे पाठ केली आणि सरदारांच्या कोणा पाहुण्याला आपल्या तरुणपणीची हकीकत सांगायला बसले. ती हकीकत लांब आहे. मी ती ऐकलेली आहे. माझ्या नळीसमोर जायची तर कोणाची छाती होईना, त्यामुळे बाकीच्यांचे बार खोळंबले. लोक म्हणू लागले, नेम धरला आहे की थिजला आहे? जयसिंग म्हणाला, "उठवा त्याला." पण उठवायचे कोणी?

आणि तेवढ्यात तो आला. पर्वतीच्या बाजूने एक निळा पक्षी संथ उडत आला, नारळाभोवती एक फेरी घेतली आणि नारळाच्या शेंडीवर उतरला. चाष! दसऱ्याच्या दिवशी, सीमोल्लंघनाआधी, चाष! ज्याचे या दिवशी दर्शन व्हावे म्हणून लोक सकाळपासून माना वर करून रानात हिंडतात, तो माझ्या माशीवर येऊन बसला. त्याने पंख उघडले. आत जो निळा रंग असतो तो मी एवढ्या निवांतपणे कधी पाहिला नव्हता. बाहेरून मळकट दिसतो बिचारा, सगळे आत राखलेले. मागे गर्दीत खसकन माणसे उठली, पागोटी सावरली गेली, हात जोडले गेले. आणि मग त्या जोडलेल्या हातांच्या ध्यानात आले की माझी बंदूक नेमकी त्याच्यावरच रोखलेली आहे आणि हातात धुमसता तोडा आहे. "अहो, नका! नका!" असा एकच गिल्ला झाला. खुद्द सरदार बैठकीवरून उतरून माझ्या मागे आले म्हणतात. मला काही कळत नव्हते. मी चाषाकडे पाहत होतो आणि मनात एवढेच म्हणत होतो की आतली आग जागी न होवो. तिला अशीच झोप लागून राहो. देवापाशी मी आजवर बऱ्याच गोष्टी मागितल्या, पण एवढ्या कळवळ्याने कधी नाही.

चाष बसून राहिला. मीही बसून राहिलो. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेले. मुंग्या माझ्या गुडघ्यावरून पलीकडे गेल्या आणि परत आल्या. केव्हातरी दादामियाँची हकीकत संपली, त्यांनी मागे वळून पाहिले आणि मला तसाच पाहून असे काही ओरडले, "उतार!", की चाष उडाला, नदीपल्याड गेला, आणि सगळे बन श्वास सोडल्यासारखे हलले.

सरदारांनी या वर्षीचा डाव तिथेच मोडला. ज्या नारळावर चाष बसला त्यावर बार टाकायचा नाही, असा त्यांचा हुकूम झाला. नारळ सोडवून आणला आणि माझ्या ओंजळीत ठेवला. म्हणाले, पुण्यात बार काढणारे पुष्कळ आहेत, हात आवरणारा पहिलाच पाहिला. मी म्हटले, महाराज, हात आवरला नाही, बार झालाच नाही. ते म्हणाले, तेच तर! मी म्हटले, चाप मी चाष येण्याआधीच ओढला होता. ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, पाहा, स्वतःकडे थोरवी घेत नाही. मी आणखी दोनदा खरे सांगून पाहिले. दर खेपेला माझी थोरवी वाढतच गेली, म्हणून गप्प बसलो. मग त्यांनी दादामियाँना आणि मला दोघांना सांगितले की उद्यापासून नवशिक्यांना बंदूक स्थिर धरायला अनंतरावांनी शिकवावे, रोज पहाटे, इथेच. दफ्तरातून मला तेवढी सवड देववितो म्हणाले. जयसिंगाने पहिल्याच दिवशी येऊन नाव घातले. तो धरायला बसला की खांदे फार उडवतो, पण शिकेल.

तर मामा, असे झाले. मला माझे आवडते काम मिळाले, आणि त्या कामाला साळुंकी हवी. दुसऱ्याच्या बंदुकीशी माझा श्वास जुळत नाही. पण आपली अट मला मान्य आहे आणि शब्द म्हणजे शब्द. नारळावर साधा ओरखडासुद्धा नाही. शेंडीवर चाषाच्या नखांची एक खूण आहे, ती आपण मोजणार नाही हे मी जाणतो. अधिक काय लिहावे. गेनबा आता आडवा झाला आहे. सुनीतीचा नमस्कार, शेजाऱ्यांची मते, आणि माझ्यावर लोभ असावा हे मागणे. पायांचा चाकर अनंत.

ताजा कलम. साळुंकी गेनबाबरोबर पाठवता येत नाही, याचे वाईट वाटते. ती अजून भरलेली आहे. भरलेली बंदूक घेऊन घाट ओलांडायचा नाही, हा आपलाच नियम. आणि छिद्र बुजवून बसलेले गंध पुसल्याखेरीज ती रिकामी करता येत नाही, आणि गंध पुसायचे नाही, हाही आपलाच नियम. दोन नियमांच्या मध्ये ती परसात मातीच्या ढिगाकडे तोंड करून पडली आहे. ढिगापलीकडे बाळंभटांची न्हाणी आहे. ते हल्ली नदीवर आंघोळीला जातात आणि बंदुकीविषयी मत देत नाहीत. यातून मार्ग काढायचा तर ज्याचे नियम त्यानेच यायला हवे. तेव्हा आपणच यावे. गेनबाने पिंजरा आणला आहे, त्यात आपली गीतेची पोथी, खडावा आणि औषधाच्या पुड्या मावतील असे सुनीतीने पाहून ठेवले आहे.

आणखी एक. मामी गेल्यापासून आपण वाईचे घर सोडत नाही, आणि कारण गुडघ्याचे सांगता. गुडघ्याने माणूस माशी चाचपून पाहत नाही, मामा. डोळ्यांचे आपण कोणाला सांगितलेले नाही, मीही सांगणार नाही. पण पहाटे धुक्यात आम्हा दोघांना तरी कुठे काय दिसते? दादामियाँना ऐकू येत नाही, आपल्याला दिसत नाही, मला बार काढवत नाही. तिघे मिळून एक चांगला नेमबाज होईल. आणि नारळाचे म्हणाल तर तो देव्हाऱ्यात ठेवला आहे. आपण दाराशी आलात की सुनीती तो आपल्यावरून ओवाळून उंबऱ्याबाहेर फोडणार आहे. मग अट पुरी झाली म्हणून साळुंकी माझी, आणि तिच्याबरोबर आपणही इथेच राहाल. नारळ कोणी फोडायचा हे आपण पत्रात लिहिले नव्हते.

शेवटचे. हे सुनीतीच्या नकळत लिहितो. छिद्रातले गंध सुईच्या टोकाने तेव्हाच निघाले असते, असे दादामियाँ म्हणाले, आणि नियम हाताने पुसण्याविषयी आहे, सुईविषयी नाही, असेही म्हणाले. पण घरातली सुई सुनीतीने लपवून ठेवली आहे. मामा आले की देईन, म्हणते.